नजर जुळवून घ्या

काचेचं दार अंगावर आलं तेव्हा तिच्या दोन्ही हातांत चहाचा ट्रे होता. पुढे चाललेल्या उंच माणसानं दार खांद्यानं ढकललं, स्वतः आत गेला आणि मागे कोण आहे हे न बघता ते तसंच सोडून दिलं. कप कलंडले. गरम चहा तिच्या पांढऱ्या शर्टावरून खाली ओघळला.

“अहो, मागे माणूस आहे,” ती म्हणाली. “जरा दार धरलं असतं तर हात झिजले असते का?”

तो वळला. त्याच्या केसांवर बाहेरच्या पावसाचे थेंब होते.

“झिजलेतच,” तो म्हणाला.

तक्रारीचा सूर नव्हता. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं त्यानं. तिनं खाली पाहिलं. त्याच्या कोटाच्या बाह्यांतून दोन हात नुसते लोंबत होते. अंगठ्याखालचा गुबगुबीत भाग आत बसलेला, बोटं अर्धवट मिटलेली.

“माफ करा... मला खरंच—”

“तुम्हाला कसं कळणार? मी काय पाटी लावून फिरत नाही. शर्टाचं मात्र वाईट वाटलं.” त्यानं मान वाकडी करून डागाकडे पाहिलं. “पण डाग सुबक आलाय. ही खाडी, ही दोन बेटं. मी नकाशे काढतो, म्हणून सांगतो. किनारा असा सहजासहजी जमत नाही.”

तिला हसू आलं, आणि हसल्याबद्दल लाजही वाटली. तो लिफ्टशी गेला, कोपरानं बटण दाबलं आणि वरच्या मजल्यावर निघून गेला. ती ओल्या शर्टानं तिथंच उभी राहिली.

तिचं काम शब्दांचं होतं. दूरदेशीची एक मोठी कंपनी संगणक चालवणारी प्रणाली बनवायची, आणि त्या प्रणालीनं माणसाशी आपल्या भाषेत बोलावं म्हणून तिचं ऑफिस राबायचं. ‘जतन करा’, ‘बंद करा’, ‘पुन्हा प्रयत्न करा’ — ही वाक्यं लाखो लोक रोज वाचायचे, आणि ती कुणी लिहिली असतील असा विचार कुणाच्या मनात यायचा नाही. एका वेलांटीसाठी ती दुपारभर वाद घालायची, म्हणून ऑफिसनं तिचं नाव कानामात्रा ठेवलं होतं.

त्या दिवसांत नवी आवृत्ती येऊ घातली होती. तिच्यात काय काय असेल यावर जगभर पैजा लागत होत्या. चहाच्या टपरीवर पोरं छातीठोकपणे सांगायची, बॅटरी दुप्पट चालणार, पडदा आपोआप रंग बदलणार. कानामात्रा शेजारी उभी राहून गप्प चहा प्यायची. तिला सगळं माहीत होतं, पण तोंडाला कुलूप होतं.

आणि त्या सगळ्यात एक गोष्ट अशी होती जिच्यावर कुणीच पैज लावत नव्हतं. नव्या आवृत्तीत संगणक नुसत्या नजरेनं चालणार होता. वेगळं यंत्र नको, साधा कॅमेरा पुरे. तुम्ही पडद्यावर बघाल तिथं बाण जाणार, अक्षरावर नजर थांबली की अक्षर उमटणार, आणि लिहिलेलं वाक्य संगणक मोठ्यानं बोलणार. तेही पहिल्यांदाच आपल्या लिपीत, आपल्या भाषेत.

“या नजर थांबण्याला शब्द काय द्यायचा?” बैठकीत मॅडमनी विचारलं. मॅडम म्हणजे तिच्या वरिष्ठ, शब्दकोश उशाशी घेऊन झोपणाऱ्या. “मी ‘नेत्रस्थिरीकरण’ सुचवते.”

“मॅडम, हे ऑपरेशनचं नाव वाटतं. माणूस घाबरून डोळे मिटेल.”

“मग ज्याला हे लागणार आहे अशाच कुणाला तरी आणा,” मॅडम म्हणाल्या, “आणि त्यालाच विचारा.”

त्या संध्याकाळी ती एक मजला चढून गेली.

नकाशांच्या ऑफिसात त्याला रेघोबा म्हणायचे. एके काळी पट्टी न लावता तो अशी रेघ मारायचा की लोक पट्टी लावून तपासायचे. आता त्याच्या टेबलावरचं पेन कोरडं होतं, आणि तो नवशिक्यांनी काढलेले नकाशे नुसते तपासत बसायचा.

त्यानं तिचं ऐकून घेतलं. मग स्वतःबद्दल सांगितलं, तेही थोडक्यात. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरतात, असा आजार. हात गेले. पाय निघायच्या तयारीत. पुढे जीभ.

“डोळे सहसा शेवटपर्यंत राहतात, असं डॉक्टर म्हणतात,” तो म्हणाला. “तेव्हा तुमची आवृत्ती आणि मी... बघू कोण आधी पोचतं.”

चाचणी दर बुधवारी असायची, तिच्या ऑफिसातल्या एका बंद खोलीत. तो संगणक त्या खोलीबाहेर न्यायची परवानगी नव्हती. रेघोबा समोर बसायचा, ती उजव्या बाजूला वही घेऊन. खिडकीच्या काचेवरून पाऊस वाकडातिकडा उतरत असायचा.

सुरुवातीला पडद्यावर एक वाक्य यायचं. ते तिनंच लिहिलेलं होतं. ‘आधी नजर जुळवून घ्या.’ मग एक ठिपका कोपऱ्याकोपऱ्यांत फिरायचा, आणि त्याच्या मागोमाग डोळे फिरवले की यंत्राला माणसाची नजर कळायची.

“हे वाक्य कुणाचं?” त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.

“माझं. का?”

“काही नाही. लग्न जुळवणाऱ्या मावशीचं वाटलं.”

तिनं वहीत डोकं खुपसलं. “बदलू का?”

“नको. राहू दे. पण नेमकी कुणाशी जुळवायची ते लिहिलेलं नाही.”

तो पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघायचा. त्यानं असं बघितलं की बाण बिचारा उजव्या कडेला जाऊन आपटायचा.

“समोर बघा,” ती वर न बघता म्हणायची. “बाण हरवलाय.”

“हरवला नाही. त्याला बरोबर कळलंय कुठं जायचं ते. तुमचा पडदा लहान पडतो.”

नेत्रस्थिरीकरणाचा निकाल त्यानंच लावला. “माणूस आवडत्या गोष्टीवर नजर कशी ठेवतो? स्थिर करतो का? तिथं रेंगाळतो. ‘रेंगाळा’ म्हणा. अक्षरावर रेंगाळा, अक्षर उमटेल.” मॅडमनी नाक मुरडलं, पण शब्द राहिला.

एका बुधवारी त्यानं पडद्यावर लिहिलं, ‘तू आज उशिरा आलीस,’ आणि यंत्रानं ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

ती चपापली. आजवर अहो-जाहो होतं.

“रागवू नका,” तो म्हणाला. “तांत्रिक अडचण आहे. ‘तुम्ही’ लिहायला सहा वेळा रेंगाळावं लागतं. ‘तू’ला दोनदाच.”

“बोलताना तर रेंगाळावं लागत नाही ना?”

“बोलायचीही आत्ताच सवय केलेली बरी... जीभ जड व्हायला लागलीय.”

तिनं वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. मग म्हणाली, “बरं. मग मीही तूच म्हणेन. काटकसर दोन्हीकडून हवी.”

तेव्हापासून तो तिला मात्रा म्हणायला लागला. “काना काही ऐकत नाही, म्हणून गाळला,” असं त्याचं म्हणणं, “मात्रा तेवढी औषधासारखी लागू पडतेय.”

पावसाळ्याच्या मध्यावर ती त्याच्या घरी जाऊ लागली. घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. ताई परिचारिका होती. भावासाठी नोकरी अर्ध्या वेळाची करून घेतलेली. दार उघडल्या उघडल्या तिनं पाहुणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तूच का ती? रविवारी दाढी कर म्हणून माझा जीव खातो आणि बुधवारी पुन्हा कर म्हणतो. म्हटलं, ऑफिसात एवढं कोण तपासतंय.”

“ताई, चहा टाक,” तो आतून म्हणाला. शब्द ओले आणि सैल झाले होते, पण कळत होते.

ती दोघं खिडकीशी बसून नव्या आवृत्तीच्या गप्पा मारायची. लोक सहलीचे बेत करतात तसे यांचे बेत. आवृत्ती घरात आली की तो पहिल्यांदा ताईशी भांडणार होता, कारण ताई पंखा जोरात ठेवते. मग नवशिक्यांना त्यांच्या नकाशातल्या चुका कळवणार होता. मग एक किनारा काढणार होता, खराखुरा नाही, मनातला.

“आणि मला काय सांगणार?” तिनं विचारलं.

“तुला सगळं तोंडीच सांगून टाकतो ना आत्ता.”

“सगळं नाही सांगत.”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. समोरच्या गच्चीवर कुणीतरी ओले कपडे पिळत होतं. तिनंच मग सांगितलं. काही सजवून नाही. तिचा धंदा शब्दांचा, पण त्या दिवशी साधेच निघाले. “मला तू आवडतोस. मला तुझ्याबरोबर राहायचंय. पुढचं सगळं कळून म्हणतेय. तुझं काय ते सांग.”

त्यानं गच्चीवरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “ही सोय... सध्याच्या आवृत्तीत नाही. नव्यात येईल.”

ती हसली. हसावंच लागलं. पण घरी जाताना बसमध्ये तिला ते हसू चेहऱ्यावरून पुसून टाकावंसं वाटत होतं.

आवृत्ती पावसाळा संपताना यायची होती. नाही आली. कंपनीनं दोन ओळींत कळवलं, काही दोष सापडलेत, थंडीत येईल. बाहेर लोकांनी चार दिवस चेष्टा केली आणि विसरून गेले. कानामात्रा त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचत होती. थंडी म्हणजे किती लांब, हे तिच्याइतकं ऑफिसात कुणालाच कळत नव्हतं.

चाचण्या थांबल्या. तिनं मॅडमना गाठलं. “त्याच्या घरी तो संगणक नेऊ द्या. नुसता तेवढाच.”

“माझ्या हातात असतं तर मी स्वतः उचलून नेला असता,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी कंपनीला कळवलंही, चांगल्या कडक भाषेत. उत्तर आलं ते अतिशय सभ्य होतं. नाही म्हणायला त्यांनी सुंदर शब्द वापरले होते.

त्याचे पाय गेले. मग बोलणं गेलं. आधी कठीण शब्द गेले, मग सोपे, मग एके दिवशी ताईलाही कळेना. ताईनं पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहिली. ती एकेक अक्षर म्हणायची आणि हवं ते आलं की तो पापणी लववायचा. असं ‘पाणी’ व्हायचं, ‘कूस’ व्हायचं, ‘दुखतंय’ व्हायचं.

एकदा कानामात्रेनं पुठ्ठा हातात घेतला. तो ‘म’वर थांबला, मग ‘ल’वर. “मला,” ती म्हणाली. मग ‘भ’ आला. “भेटायचं होतं? मला भेटायचं होतं, असंच ना?” त्यानं पापणी लववली नाही. ती पुन्हा पुठ्ठ्याकडे वळली, पुन्हा अर्ध्यातच तिला शब्द सुचला. सवयच ती. लोकांची वाक्यं पुरी करायचाच पगार मिळायचा तिला. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.

ताई तिला दारापर्यंत पोचवायला आली. “त्याचं मन वाईट नाही गं,” ती म्हणाली. “पण काल अर्धा तास घालवून मला सांगितलं, तिला येऊ नको म्हण. मी म्हटलं, का ते तूच सांग. तर म्हणे, बहिणीच्या तोंडून कसं सांगू.”

कानामात्रा दोन आठवडे गेली नाही. आई जेवायला वाढताना विचारायची, काय झालं. ती म्हणायची, काही नाही, काम आहे. काम खरंच होतं. शेवटचे शब्द तपासणं चाललं होतं. ‘आधी नजर जुळवून घ्या’ या ओळीशी ती थांबली, आणि पुढे गेली.

थंडीतल्या एका सकाळी आवृत्ती आली. टपरीवरची पोरं मोबाईलवर वाकून बघत होती. तिला ताईचा फोन आला.

“आली म्हणे तुमची ती. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. येतेस?”

“त्यानं नको म्हटलंय ना.”

“त्यानं म्हटलंय. मी कुठं म्हटलंय?”

तो खाटेवर उशांना टेकून बसवलेला होता. केवढा बारीक झालेला. गालांवर मात्र ताजी दाढी केल्याचा ओलेपणा होता. तिनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. संगणक त्याच्यासमोर मांडला, कॅमेरा नीट केला आणि बाजूला झाली. प्रणाली उतरायला दुपार झाली. मग पडद्यावर ओळ आली, ठिपका फिरला, त्याचे डोळे त्यामागे फिरले. बाण हलला.

तिघंही श्वास धरून होती. अक्षरं एकेक करून उमटत गेली, आणि यंत्राचा आवाज खोलीत घुमला.

“ताई, पंखा बंद कर. थंडी आहे.”

ताई उठली, पंखा बंद केला आणि बटणावर हात ठेवून तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. थोड्या वेळानं ती म्हणाली, “बोलायला लागला नाही तोच हुकूम सोडायला लागला,” आणि स्वयंपाकघरात निघून गेली. जाताना दार ओढून घेतलं.

कानामात्रा खाटेपासून जरा लांब उभी होती. या वेळी तिनं पडद्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. यंत्र बोलेल तेव्हाच ऐकायचं. वाक्य त्याचं, तर पुरंही त्यालाच करू द्यायचं. बराच वेळ गेला.

“तू विचारलं होतंस त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे,” यंत्र म्हणालं.

तिनं मान हलवली. “का?”

पुन्हा वाट पाहणं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“तू मला उचलशील. पुसशील. भरवशील. मग मी तुझा पेशंट. तुला मी तसा नको आहे. मला मी तसा नको आहे.”

“आणि मला काय हवंय ते?”

त्यानं डोळे मिटले. भांडण अर्धवट टाकून उठून जायला, दार आपटायला त्याच्यापाशी तेवढंच उरलं होतं. ती ते ओळखत होती. ती निघून गेली नाही. खिडकीशी जाऊन उभी राहिली. ऊन समोरच्या गच्चीवरून उतरून रस्त्यावर आलं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होत होता, मग तोही थांबला.

त्यानं डोळे उघडले.

“गेली नाहीस,” यंत्र म्हणालं.

“नाही. आता माझं ऐक, आणि डोळे मिटायचे नाहीत. उचलायला ताई आहे, दुपारी मदतीला येणारी बाई आहे. मी तुला उचलणार नाही, पुसणार नाही, भरवणार नाही. मी फक्त तुझ्याशी भांडायला येईन. तुझ्याएवढं चांगलं भांडणारं मला दुसरं कुणी भेटलेलं नाही.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याला ते पुसता येत नव्हतं, आणि ती आत्ताच कबूल करून बसली होती की पुसणार नाही. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं असावं. तिच्या तोंडून हसू फुटलं. त्याच्या घशातून एक आवाज आला, त्याचा स्वतःचा, कितीतरी दिवसांनी.

“आजच्यापुरतं,” ती म्हणाली, आणि ओढणीच्या टोकानं त्याचे गाल टिपले. पाण्यामुळे यंत्राला नजर सापडत नव्हती. जरा वेळानं सापडली.

“रोज?” यंत्रानं विचारलं.

“रोज. रविवारी जास्त वेळ.”

“मग ऐक. मला तू आवडतेस. दाराशी ओरडलीस तेव्हापासून. हे वाक्य मी पाच महिने पाठ करून ठेवलं होतं. पुठ्ठ्यावर मावत नव्हतं.”

ती खाटेच्या कडेवर बसली आणि आपलं डोकं त्याच्या खांद्याला टेकवलं. खांद्याला हाडांशिवाय काही उरलं नव्हतं. तरी तो खांदाच होता.

ती थंडी त्यांना मिळाली. ती ऑफिसातून थेट तिकडे जायची आणि खरोखर भांडायची. नव्या आवृत्तीतले कितीतरी शब्द त्याला पसंत नव्हते. त्यानं त्यातल्या एकेकावर शेरे लिहिले, तिनं ते मॅडमपुढे ठेवले आणि मॅडमनी कपाळाला आठ्या घालून निम्मे मान्य केले. नवशिक्यांना तो त्यांच्या चुका कळवायचा, आणि ते हौसेनं आणखी चुका करून आणायचे. ताईशी त्याचं रोज वाजायचं. आईही एकदा येऊन गेली. त्याच्याशी तासभर बोलली, आणि परतताना बसमध्ये एवढंच म्हणाली, “गोड माणूस आहे गं,” आणि मुलीचा हात धरून बसली.

थंडी सरताना त्याचे डोळे लवकर दमू लागले. आधी तो परिच्छेद लिहायचा, मग वाक्यं, मग दोन-चार शब्द. श्वासासाठी नाकाशी नळी आली. ताई आता रात्री त्याच्या खोलीतच जमिनीवर झोपायची.

तो गेला त्याच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी ती नेहमीसारखी आली. पिशवी ठेवली आणि भांडण उकरून काढायला आणलेला एक शब्द सांगायला लागली. त्यानं पडद्याकडे बघितलं. दोनच अक्षरं, पण त्यांना फार वेळ लागला.

“बस,” यंत्र म्हणालं.

ती थांबली. “बस म्हणजे पुरे? की बस म्हणजे इथं बस?”

तो पुढे काही लिहील म्हणून तिनं वाट पाहिली. त्यानं लिहिलं नाही. तिच्याकडे बघत राहिला, शांत, कसलीच घाई नसल्यासारखा.

तिनं खुर्ची जवळ ओढली आणि बसली.